धरलेली जागा

१

रांग दिसली की ताईंच्या अंगात यायचं.

त्यांची सारी नोकरी बसस्थानकाच्या तिकीट-खिडकीमागे गेली. काचेतल्या त्या अर्धगोल भोकातून त्यांनी माणसांची सगळी सोंगं पाहिली. 'नुसतं विचारायचंय' म्हणत पुढे घुसणारे पाहिले, खिडकीपाशी आल्यावरच लंगडायला लागणारे पाहिले. आणि त्याचा परिणाम असा झाला की निवृत्त झाल्यावर बाईंना स्वतःला रांगेत उभं राहणं जमेना. जन्मभर दुसऱ्यांना उभं केलं, आता आपण कशाला उभं राहायचं? कुठेही जायचं असो, आधी त्यांचं कोपर पुढे जायचं आणि मागून त्या. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात तर त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं.

धाकटी बहीण बरोबर उलटी. तिला सगळे बारकी म्हणत, आणि आजी व्हायचं वय झालं तरी ती बारकीच राहिली होती. मागे कुणी नुसतं खाकरलं तरी ती 'या ना, तुम्ही घ्या आधी' म्हणून बाजूला व्हायची. दवाखान्यात तिचा नंबर आला की तिला नेमकं कुणाचं तरी पोर जास्त तापलेलं दिसायचं. ताई म्हणायच्या, "तुझी तिरडी निघेल ना, तेव्हासुद्धा तू उठून म्हणशील, आधी त्यांची जाऊ द्या."

बारकीचा नवरा गेल्या वर्षी गेला. तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती. तिच्या एकुलत्या एक लेकीचे दिवस भरत आले होते, पुढच्या महिन्यातली तारीख होती. एकदा बाळंतपण अंगावर पडलं की बारकीला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही, तेव्हा त्याआधी हिला चार दिवस वारा खायला न्यायची असं ताईंनी ठरवलं. जायचं कुठे, तर त्या बेटावर. सीझनमध्ये तिथे मुंगीला शिरायला वाट नसते, म्हणून तर सीझन गेल्यावर जायचं. "समुद्र तोच, वाळू तीच," ताई म्हणाल्या, "फक्त माणसं नाहीत. शहाण्यानं असंच जावं."

लेकीनंही आईला ढकलून धाडलं. "मी काही आज बाळंत होत नाही," ती म्हणाली. "ये जाऊन. फक्त माझ्या वेळेला माझ्याजवळ हवीस तू. बाळाला आधी तूच घ्यायचंस." बारकीनं तिला शब्द दिला.

बेटाच्या धक्क्यावर उतरताच ताईंच्या डोळ्यांत खुपली ती परतीची रांग. सीझनची गर्दी आवरायला तिथे लोखंडी पाइपांचे नागमोडी कठडे घातले होते. आता त्या एवढ्या मोठ्या कोंडवाड्यात मोजकी माणसं उभी होती, आणि तीही अशी लांब लांब की बघून हसू यावं. एक म्हातारा. मग चार-पाच जण आरामात मावतील एवढी मोकळी जागा. मग हातात पिशवी घेतलेली एक बाई. मग पुन्हा मोकळं. पुढे सरकायचं झालं तरी तेवढंच अंतर राखून सरकत होते. वळणंसुद्धा सगळी इमानेइतबारे घेत होते, पाइपाखालून वाकून कुणी जात नव्हतं.

म्हातारा चढला. अर्ध्याहून जास्त बाकं मोकळी होती. आणि बोटवाल्यानं हात वर करून आरोळी ठोकली, "भरली!"

पिशवीवाली बाई कठड्यातच राहिली. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि उभी राहिली.

"अहो, भरली काय भरली?" ताईंनी तोंड सोडलं. "डोळे आहेत का कवड्या? निम्मी बोट रिकामी आहे!"

बोटवाल्यानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दोर सोडला आणि बोट निघाली. ती पाण्यात चांगली खोल बसली होती, एवढं मात्र ताईंच्या लक्षात आलं. खाली माल असेल, त्यांनी मनाशी म्हटलं आणि बॅगा उचलल्या.

२

लॉजवाली बाई चांगली होती. कमी बोलायची, पण खोलीत गरम पाण्याची बादली न मागता आणून ठेवायची. सगळ्या लॉजमध्ये यांचीच एक खोली उघडी होती. बाकी खोल्यांतल्या गाद्या भिंतींना उभ्या लावून ठेवल्या होत्या, जेवणाच्या हॉलमध्ये खुर्च्या टेबलांवर उलट्या घातल्या होत्या. एकच टेबल यांच्यासाठी सोडवलं होतं.

"परत कधी जायचंय?" तिनं विचारलं.

"कंटाळा येईल तेव्हा," ताई म्हणाल्या.

"या दिवसांत तसं नसतं हो. जायचं ठरलं की मला आधी सांगा. रांगेत कसं उभं राहायचं ते सांगेन मी तुम्हाला."

ताईंना एवढं हसू आलं की चहा नाकात गेला. "मला? रांगेत कसं उभं राहायचं ते मला सांगणार?"

लॉजवाली हसली नाही. तिनं कप उचलले आणि आत गेली.

पण पहिला दिवस छान गेला, हे सांगायलाच हवं. दोघी वाळूवरून हिंडल्या. टपऱ्यांवर प्लॅस्टिक बांधलं होतं आणि ते वाऱ्यानं फडफडत होतं. पायडलच्या बोटी पालथ्या घालून ठेवल्या होत्या, कपडे बदलायच्या खोपट्यांची दारं काढून नेली होती. ताईंनी एका पालथ्या बोटीवर बसून दाखवलं आणि ती कलंडून त्या सपशेल वाळूत बसल्या. बारकी हसली. अशी हसली की तिला पोट धरून खाली बसावं लागलं. वर्षभरात ताईंनी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. त्यांनी बारकीला एक शिवी हासडली आणि वाळू झटकत उठल्या.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव आणायला त्या गल्लीतल्या एकुलत्या एक उघड्या दुकानात गेल्या. तिथेही तेच. पुढे एक बाई, मग बरीच मोकळी जागा, मग एक वायरमन खांद्याला तारेचं भेंडोळं अडकवून. बाईचं झालं. दुकानदार पुढच्याला बोलवेना. काउंटरवर हात टेकून गप्प उभा राहिला, समोरच्या रिकाम्या जागेकडे न बघता, नजर वर छताला लावून. जरा वेळानं "हं" म्हणाला. पुन्हा थांबला. पुन्हा "हं."

ताईंचा पारा चढला. त्या वायरमनला ओलांडून सरळ त्या मोकळ्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. "दोन पाव द्या."

दुकानदाराचा चेहरा पांढराफटक पडला. वायरमन भिंतीला चिकटला. तेवढ्यात मागून बारकीचा आवाज आला, अगदी नेहमीचा, ओशाळलेला. "माफ करा हं. तिला घाई असते. तुम्ही घ्या आधी." आणि तिनं ताईंच्या दंडाला धरून त्यांना बाजूला ओढलं.

बाहेर आल्यावर ताईंनी विचारलं, "कुणाला म्हणत होतीस गं?"

"त्या बाई होत्या ना तिथे."

"तिथे कुत्रंसुद्धा नव्हतं."

बारकी जरा गोंधळली. "नव्हत्या? मला वाटलं होत्या. मानेला श्वास लागत होता कुणाचा तरी. गार होता."

ताईंनी विषय बदलला. नवरा गेल्यावर बायकांना होतं असं काही काही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या शेजारणीला तर वर्षभर नवऱ्याच्या खोकल्याचा आवाज यायचा.

दुपारी जेवून दोघी आडव्या झाल्या. बारकीला लगेच झोप लागली. ताई छताकडे बघत पडल्या होत्या आणि बाहेरच्या बोळात त्यांना तो आवाज आला. पाय घासल्याचा. अनेक पाय एक पाऊल पुढे सरकतात, थांबतात, मग पुन्हा एक पाऊल. मधेच कुणीतरी अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेतं.

हा आवाज ओळखायला ताईंना दुसऱ्या कुणाला विचारायची गरज नव्हती. काचेच्या आडून तो त्यांनी सारी हयात ऐकला होता. बाहेर रांग होती.

उठून त्यांनी दार उघडलं. बोळ रिकामा होता. बंद खोल्यांची दारं, उभ्या गाद्यांचा दमट वास, शेवटच्या खिडकीतून येणारा करडा उजेड. फक्त भिंतीकडेनं फरशीवर ओल होती, जिन्यापासून थेट त्यांच्या उंबऱ्यापर्यंत. नळ गळत असेल कुठे तरी, ताई म्हणाल्या. मोठ्यानं म्हणाल्या. मग दार लावून त्यांनी कडी घातली आणि ती ओढून पाहिली.

४

फोन आला तिसऱ्या दिवशी, नाश्ता चालू असताना. जावयाचा होता. लेकीला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात दाखल केलं होतं. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही, पण ती सारखी आईचं नाव घेतेय.

बारकीच्या हातातला पाव तसाच राहिला. "मी तिला शब्द दिला होता, ताई," ती म्हणाली. "सगळ्यांसाठी सगळं सोडत आले मी. हे एकच म्हटलं होतं की माझं आहे."

"मग जातोयच की आपण," ताई म्हणाल्या. "तुला तिच्याजवळ पोचवायची जबाबदारी माझी. झालं?"

लॉजवाली बाहेर वारा बघून आली होती. दुपारची बोट सुटेल, ती म्हणाली, पण त्यानंतर वारा उतरेपर्यंत बोटी बंद. मग ती टेबलाशी येऊन उभी राहिली आणि पदरानं हात पुसत बारकीकडे बघून बोलली.

"तुम्ही फार भल्या आहात, म्हणून सांगते. रांगेत मधे मोकळं दिसलं तरी भरू नका. आणि आपला नंबर कुणाला द्यायचा नाही. कितीही दया आली तरी नाही."

"आणि दिला तर?" बारकीनं विचारलं.

"मग तो त्यांचा." लॉजवाली ताईंकडे वळली. "आणि तुम्ही. बोटीत कुणासाठी जागा धरायची नाही. ज्याची त्यानं चढून बसायची."

"तुम्हाला दिसतं का हो काही तिथे?" ताईंनी फटकन विचारलं.

"मला इथेच राहायचंय, बाई. मी बघत नाही."

खुळचट आहेत सगळे, ताईंनी ठरवलं. ओसाड जागी राहून माणसांची डोकी फिरतात. पण बॅग भरताना त्यांनी एकाच साडीची तीनदा घडी घातली आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

५

धक्क्यावर वारा कानशिलात मारल्यासारखा लागत होता. कठड्यांत पुढे वायरमन होता. त्याच्या मागे ती मोकळी जागा, मग ताई, ताईंच्या मागे बारकी. बारकीच्या मागे कुणी नव्हतं. ताईंनी दोनदा वळून खात्री करून घेतली होती.

बोट लागली. फळी टाकली. पुढे सरकायचं, थांबायचं. ताई दात आवळून सगळी वळणं घेत होत्या. बहिणीसाठी, त्या स्वतःला बजावत होत्या, आजच्या दिवस बहिणीसाठी.

"ताई," बारकी हळूच म्हणाली, "मागच्या बाई अगदी भिजल्यात गं."

"मागे कुणी नाहीये."

"हं." रांग एक पाऊल सरकली. "त्यांची पण लेक अडलीय म्हणे."

ताई गर्रकन वळल्या. "बारके, पुढे बघ. मागे बघायचं नाही आणि कुणाशी बोलायचं नाही. ऐकतेस का?"

"त्या फार दिवस उभ्या आहेत, ताई. सारखं कुणीतरी पुढे घुसतं म्हणतात."

वायरमन फळीवरून गेला आणि बोट त्याच्या वजनानं खाली झाली. मग फळीवर कुणी नव्हतं, तरी फळी वाकली आणि बोट आणखी खाली झाली. पुन्हा फळी वाकली. पुन्हा. ताई डोळे फाडून बघत होत्या. लाटेनं होत असेल. लाटेनंच होत असेल. पण बोटवाल्याचा हात हळूहळू वर यायला लागला होता, आणि तो हात वर गेला की काय होतं हे ताईंना माहीत होतं. मग दवाखान्यात ती पोर एकटी, आणि ही इथे वारा उतरायची वाट बघत बसणार.

त्यांच्याच्यानं राहवेना. त्यांनी बारकीच्या खांद्यावरची विटकरी शाल ओढून घेतली, कारण असल्या वाऱ्यात रुमाल टिकला नसता. वाकून पाइपाखालून पलीकडे गेल्या, फळीवरून धावत बोटीत शिरल्या आणि पहिल्या मोकळ्या बाकावर शाल पसरून तिच्या शेजारी बसल्या.

"आम्ही दोघी!" त्या ओरडल्या. "ही माझ्या बहिणीची जागा. ती आलीच!"

बोटवाला थिजला. "धरलीत?"

"धरली. मग काय झालं?"

त्यानं तोंड फिरवलं.

बारकी फळीच्या तोंडाशी आली होती. एकच पाऊल टाकायचं राहिलं होतं. ताईंनी हात पुढे केला. "ये! ये लवकर!"

पण बारकीनं मान मागे वळवली. कुणीतरी काहीतरी म्हणत असावं तशी ती ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ती नेहमीची ओशाळी दया आली, आणि ताईंना कळलं की आता काय होणार.

"बारके, नको! नाही द्यायचा!"

"नुसतं पुढे जाऊ देते गं, मी आलेच मागून," बारकी म्हणाली. ती कठड्याला टेकून बाजूला झाली आणि हातानं वाट दाखवली. "या, तुम्ही व्हा पुढे."

फळी वाकली. बोट खाली बसली.

"भरली!"

ताई उठायला लागल्या तर बोटवाल्यानं त्यांचा खांदा दाबला. "उठलात तर तुमचीही जाईल. मग दोघी इथेच राहाल."

दोर सुटला होता. धक्क्यावर बारकी उभी होती. पहिल्यांदा तिला काही समजलंच नाही. मग समजलं आणि तिचं तोंड वेडंवाकडं झालं. पण ती ओरडली ते हेच, "तू जा, ताई! तिच्याजवळ कुणीतरी हवं! तू जा!"

उडी मारता आली असती. अजून अंतर थोडं होतं. ताईंना आपल्या बहिणीची, आपल्या एकुलत्या एक बहिणीची माया वाटत नव्हती असं कोण म्हणेल? पण त्या बसल्या. पोरीसाठी बसल्या असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. मिळालेली जागा सोडायला त्यांचे पाय तयार नव्हते, हेही खोटं नव्हतं.

६

बेट मागे गेलं. वायरमन आपल्या बुटांकडे बघत बसला होता. बोटीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

ताई समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या. शाल डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होती. असल्या वाऱ्यात ती केव्हाच उडून जायला हवी होती. ती बाकावर सपाट चिकटून होती. ओली झाली असेल, ताई म्हणाल्या, ओल्या कापडाला वजन येतं. बाकाखाली पाण्याची धार लागली होती आणि त्यांच्या चपलेपर्यंत पोचत होती.

मग शाल उचलली गेली. वाऱ्यानं उडते तशी नव्हे. मधूनच वर आली, सावकाश, आणि बसलेल्या बाईच्या खांद्यांच्या उंचीवर येऊन थांबली. तिची दोन्ही टोकं पुढे आली. एक टोक हनुवटीखाली धरलं गेलं, बारकी धरायची तसं. पहिल्यांदा ते जमलं नाही, घसरलं. दुसऱ्यांदा जमलं.

ताईंनी शालीच्या वर, चेहरा असायचा तिथे, पाहिलं नाही. देवाशपथ पाहिलं नाही. त्यांनी पर्स घट्ट पकडली, फोन काढला आणि बारकीला लावला. बराच वेळ वाजला.

"ताई? पोचलीस का?"

"तू कुठे आहेस?" ताईंना रडू फुटलं. "लॉजवर जा. त्या बाईकडे जाऊन बस. मी उद्या येते तुला न्यायला, वाटेल ते करून येते."

"कशाला लॉजवर? नंबर जाईल ना. हलतेय गं रांग, हळूहळू हलतेय." बारकीचा आवाज दमल्यासारखा येत होता. "लोक किती आहेत, ताई. काल दिसलेच नव्हते." मागे ते पाय घासल्याचे आवाज होते. "थांब हं जरा. यांना जाऊ देते."

फोन कटला नाही. पण पुढे नुसता वारा येत राहिला.

७

पलीकडच्या धक्क्यावर जावई गाडी घेऊन उभा होता. पहाटेपासून धावपळ झालेली असणार, तरी चेहरा उजळलेला. तो धावत पुढे आला आणि ताईंना ओलांडून त्यांच्या मागे हात पुढे केला.

"सावकाश, आई. पाय घसरेल. मुलगी झाली! तासाभरापूर्वी. दोघी छान आहेत."

"ती नाही आली," ताई म्हणाल्या. "बारकी तिकडेच राहिली."

"काय मावशी, थट्टा करताय!" तो हसला. मग त्यांचा चेहरा बघून थांबला. "बोट फार हलली का? बसा, पुढे बसा तुम्ही." आणि त्यानं मागचं दार उघडलं, आदबीनं धरून ठेवलं आणि हळूच लावलं. मागच्या सीटची स्प्रिंग कुरकुरली.

रस्ताभर तो आरशात बघत बोलत होता. "हो आई, अगदी तुमच्यासारखं नाक." मग ऐकायचा. मग हसायचा. ताईंना मागून फक्त पाणी ठिबकल्याचं ऐकू येत होतं.

"ती माझी बहीण नाही," ताई म्हणाल्या. त्यानं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी फोन त्याच्या कानाला लावला. "बारकी आहे बघ त्याच्यावर. बोल तिच्याशी."

"नुसता वारा येतोय, मावशी." त्यानं एक हात त्यांच्या हातावर ठेवला. "तुम्ही दमलात. आणि ऐका ना, बाळाला अजून कुणी घेतलेलं नाही. नर्सनं गुंडाळून तिच्याजवळ ठेवलंय. ती म्हणते, आधी आईनंच घ्यायचं. तोवर कुणाच्या हातात देणार नाही."

ताईंचं रडणं तिथेच थांबलं. आता काय करायचं ते त्यांना कळलं, कारण आयुष्यभर त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. पुढे घुसायचं. सगळ्यांच्या आधी त्या खोलीत जायचं आणि पोरीला छातीशी धरायचं. मग कुणीही येऊ दे.

गाडी थांबायच्या आधीच त्यांनी दार उघडलं. गुडघे बोंब मारत होते. फाटकातून, पायऱ्यांवरून, चौकशीच्या खिडकीसमोरची सगळी माणसं कोपरानं बाजूला करत त्या धावल्या. कुणीतरी शिवी दिली. जिना चढून वरच्या बोळात आल्या. समोर बाळंतिणींच्या खोल्या. आतून तान्ह्या पोरीचं रडणं येत होतं, जोरात, खणखणीत. मागे कुणी नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं होतं.

आणि नेमकी शेजारच्या दारातून ढकलगाडी बाहेर आली. वर एक पोरगेली बाई, विव्हळत होती, दोन माणसं ढकलत होती. "बाजूला व्हा, आजी, बाजूला!" बोळ अरुंद. त्या मुलीचे ओठ पांढरे पडले होते. तिनं ताईंकडे पाहिलं. अशा वेळी कुणीही जे करेल तेच ताईंनी केलं. भिंतीला पाठ लावली आणि तिला जाऊ दिलं.

ढकलगाडी गेली. फरशीवर ओल होती, जिन्यापासून त्या खोलीच्या दारापर्यंत.

दाराशी आयाबाई उभी होती. तिनं हात आडवा घातला. "एका वेळी एकच जण, बाई. आजी आत गेल्यात आताच."

"मला जाऊ दे. अगं, तुझ्या पाया पडते, मला आत जाऊ दे!"

"त्या आल्या की जा ना. एवढी काय घाई?"

आतलं रडणं थांबलं होतं. भाचीचा आवाज आला, थकलेला, सुखावलेला.

"बघ आई, तुझ्या हातात गेल्याबरोबर कशी गप्प झाली."